वीत आणि दोन बोटं

पुन्ता अरेनासमध्ये वारा सुटला की
चौकात दोर बांधतात, माणसांना धरायला.
तसल्याच एका दुपारी, दोर न धरता,
दोन्ही हातांनी पृथ्वी पोटाशी कवटाळून
एदेलमिरा बार्रिया आमच्या तिकीट-कचेरीत शिरली.

शाळेतला पृथ्वीगोल. सत्तावीस वर्षं ती तिथे स्वयंपाकाला होती;
नवा आला तेव्हा जुना हिला दिला, निरोपाची भेट म्हणून.
सोव्हिएत रशिया अजून शाबूत, गुलाबी.
दक्षिण ध्रुवावर गंजलेला स्क्रू.

"मोजा," ती म्हणाली,
आणि खिशातून लोकरीचा दोरा काढला,
घरी कातलेला, मेंढीचा वास न गेलेला.
एक टोक आमच्या गावावर अंगठ्याने दाबलं, दुसरं सिडनीवर.
दोरा निळ्याकडे वळलाच नाही,
सरळ खाली उतरला, पांढऱ्यावरून,
स्क्रूजवळून घासत पलीकडे वर.
वीत आणि दोन बोटं.
मी पडद्यावर ताडून पाहिलं: साडेनऊ हजार किलोमीटर.
"एवढंच द्या,"
जशी काही दुकानात कापड फाडून मागतेय.

बाई, या वाटेने कोणी नेत नाही.
आधी सान्तियागो, बावीसशे, उत्तरेला.
हो, उत्तरेला.
डोक्यामागून हात नेऊन घास घ्यावा, तसं.
मग तिथून अकरा हजारांच्या वर,
वाकत वाकत पुन्हा खाली, तुमच्या घराच्याही खाली,
पण बर्फापासून जपून:
विमानाला अडीनडीला टेकायला गाव लागतं.
दीड वीत, वर एक बोट.

ती दोरा ओढून ओढून बघत होती.
"लोकर ताणते," मी म्हटलं.
"निबाल्दोपण दोन हंगामच म्हणाला होता."

कातरणी घेऊन गेला, त्याला अकरा वर्षं झाली.
तिकडच्या मेंढ्यांच्या मानेला वळ्याच वळ्या,
दिवसाला दीडशे उतरवतो म्हणे.
पाठ गेलीय. सांगत नाही,
पण फोनवर बोलता बोलता खुर्चीत बसतो
ते हिला ऐकू येतं.

वेळापत्रक मी नेहमी सावकाश सांगते.
मंगळवारी दुपारी निघाल, बुधवारी संध्याकाळी पोचाल.
डिसेंबरात गेलात तर वाटेत रात्र लागणार नाही.
"मग जाते कुठे ती?"
हे आम्हाला प्रशिक्षणात शिकवलं नव्हतं.
"आणि येताना?"
येताना बुधवारी दुपारी निघून
बुधवारीच पोचाल, घड्याळात
निघायच्या दोन तास आधी.

ती गप्प झाली. बाहेर कुणाची तरी
पत्र्याची पाटी आपटत होती.
"म्हणजे तो माझ्याबरोबर आला,
तर गेलाच नव्हता असं धरता येईल?"

मी छापयंत्राकडे पाहिलं. ते गरम होत होतं.

जायचं एक तिकीट, यायची दोन.
दुसऱ्यावर नाव घातलं,
पासपोर्टच्या रकान्यात काय लिहू विचारलं.
"तिथे गेल्यावर बघते," म्हणाली.
यंत्र कोरा रकाना घेत नाही, हे मी तिला सांगितलं नाही.
आरक्षण नुसतं धरून ठेवलं,
बहात्तर तास. मग आणखी बहात्तर.

दोरा तिने बोटाला गुंडाळला.
चव्वेचाळीस नंबरचा एक मोजा झालाय घरी,
दुसऱ्याची टाचच राहिलीय.
"विमानात विणीन. अख्खी दुपार आहे म्हणता ना?"
पृथ्वी काउंटरवरच सोडून गेली,
जाताना दोर धरायला हात मोकळे हवेत म्हणाली.

संध्याकाळी कुलूप लावण्याआधी
गोल कपाटावर ठेवायला उचलला.
खाली स्क्रूला
लोकरीचा एक तंतू अडकला होता.
ओढला नाही.